स्मृतिचित्रे (दूरचित्रपट)

लक्ष्मीबाई टिळक (1868–1936) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रावर विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेला 1980च्या दशकातील दूरचित्रपट. लक्ष्मीबाईंची भूमिका सुहास जोशी यांनी केली.

धर्मप्रचारासाठी काढलेला हा चित्रपट नव्हे. तरीही ख्रिस्ती संसारातील पतिपत्नींचे नाते समजून घेण्यासाठी मराठीत याच्याइतका समृद्ध विषय क्वचितच सापडेल. लक्ष्मीबाईंचे लग्न कवी नारायण वामन टिळक यांच्याशी 1880 मध्ये, बालवयात झाले. टिळक विलक्षण बुद्धिमान, तितकेच तापट. संसारातले त्यांचे निर्णय अनेकदा एकट्याचेच असत. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नीला न सांगता. त्यानंतर काही वर्षे ती मुलासह माहेरच्या माणसांकडे, पंढरपुरात राहिली.

पुढे ती पतीजवळ परतली, पण धर्म बदलून नव्हे. सोवळेओवळे सांभाळूनच तिने नगरला नव्याने संसार मांडला. जातिभेद माणसांनी निर्माण केला, हे तिला स्वतःला पटले तेव्हाच तो तिने सोडला आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागोमाग गेलेली पत्नी एवढीच तिची ओळख सांगणे अन्यायाचे ठरेल. अक्षरओळख तिला पतीकडून मिळाली; 1919 मध्ये टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य मात्र तिने पूर्ण केले.