मिरजेचा तंबोरा आणि किराणा गायकी : एका वाद्याचा इतिहास

पाश्चात्त्य रॉक संगीताच्या इतिहासलेखनात वादकाइतकेच त्याच्या गिटारचेही चरित्र लिहिले जाते. ‘क्वीन’ या ब्रिटिश वाद्यवृंदातील ब्रायन मे याची ‘रेड स्पेशल’ ही विद्युत गिटार याचे ठळक उदाहरण होय. शाळकरी वयात, १९६३ मध्ये, त्याने वडिलांच्या मदतीने ती घरीच घडविण्यास आरंभ केला. दांडीसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड वापरले गेले, तर स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या होत्या. (याच वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला होता, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.) त्या गिटारचा प्रत्येक सुटा भाग कोठून आला, याची नोंद उपलब्ध आहे. पुण्याच्या मैफिलींत गायकाच्या मागे झंकारणाऱ्या तंबोऱ्याविषयी मात्र अशी नोंद क्वचितच आढळते. गायकाच्या घराण्याची वंशावळ अभ्यासकांना मुखोद्गत असते. वाद्य घडविणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही.

ही उणीव किराणा घराण्याच्या बाबतीत विशेष जाणवते. या घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविले व पुढे मिरजेस वास्तव्य केले. त्यांची कबरही मिरजेतील ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. मिरजेस ते राहिले त्यामागे अन्य कारणे असतीलही. परंतु ज्याची गायकी स्वराच्या सूक्ष्म लगावावर उभी आहे आणि ज्याला वाद्यदुरुस्तीचे कसब स्वतःच अवगत आहे, अशा गायकाला तंतुवाद्य कारागिरांचे गाव मानवावे, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

किराणा गायकीत विलंबित आलापीत एकेका स्वरावर दीर्घ काळ स्थिरावले जाते. तेथे तंबोरा ही केवळ साथ राहत नाही; तो स्वराचे माप ठरतो. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडलेला गंधार ऐकू येतो. ही किमया जवारीची आहे. घोडीचा पृष्ठभाग किंचित गोलाकार घासून तारेखाली सुताचा दोरा सरकविला असता तार त्या पृष्ठभागाला ओझरती स्पर्श करीत राहते व उपस्वर खुलतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात याच रचनेकडे लक्ष वेधले. तार जेथे छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू पडतो, ते उपस्वर रूढ नियमानुसार उमटू नयेत. तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट उमटतात. रामन यांनी जे सूत्रात मांडले, ते मिरजेच्या कारागिराने कानसेने आणि कानाने साधले होते.

हे कारागीर मूळचे शिकलगार. शस्त्रांना धार लावणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब व त्यांचे बंधू मोहिद्दीन हे वाद्यनिर्मितीकडे वळले. पुढे काही घराण्यांनी ‘सतारमेकर’ हे आडनावच धारण केले. धार लावताना हाताला लागलेली सूक्ष्मता जवारी घासताना उपयोगी पडली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा परिसरातून येतात आणि दांडी बहुधा तुणीच्या लाकडाची असते. भीमाकाठच्या शेतकऱ्याचाही या इतिहासात वाटा आहे, तो असा.

अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ १९५३ पासून पुण्यात संगीत महोत्सव भरू लागला. त्यामागे त्यांचे शिष्य पं. भीमसेन जोशी यांची प्रेरणा होती. दोन तंबोऱ्यांच्या मध्ये बसलेले भीमसेन हे दृश्य पुणेकरांच्या दोन-तीन पिढ्यांच्या परिचयाचे आहे. त्या छायाचित्रांखाली गायकाचे नाव असते, क्वचित तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याचेही असते.

१९७९ च्या सुमारास बंगळूर येथे जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. रियाजाची सोय झाली, हे मान्य केलेच पाहिजे. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला चार-साडेचार फुटांचे वाद्य परवडतही नाही. परंतु यंत्राला जवारी काढावी लागत नाही. विद्यार्थी ती काढावयास शिकत नाही आणि कारागिराकडे जाण्याचे त्याला कारणही उरत नाही. तारेच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात, ती पुन्हा घासावी लागते. मिरजेच्या कारागिराचा गायकाशी असलेला संबंध वर्षानुवर्षे टिकत आला तो या दुरुस्तीमुळे, केवळ विक्रीमुळे नव्हे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. या मानांकनाने गावाचे नाव कायद्याने सुरक्षित होते. विशिष्ट मैफिलीत वाजलेला विशिष्ट तंबोरा कोणत्या हाताने घडविला, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी कारागिरांच्या घरांतील जुन्या हिशेबवह्या आणि गायकांच्या घरी उभे असलेले तंबोरे यांचीच नोंद घ्यावी लागेल.