सूट, तहकुबी आणि दंड : सोनाळ्याच्या निमित्तानें

सरकारी साऱ्याचा हप्ता चुकला म्हणजे कुळावर दोन ओझीं पडतात. एक मूळ बाकीचें आणि दुसरें त्या बाकीवरील दंडाचें. पहिलें पुढच्या पिकांतून फिटण्याची आशा तरी असते. दुसऱ्यास कोणत्याच उत्पन्नाचा आधार नसतो. म्हणून हा दंड कोणावर बसवावा, कोणास माफ करावा, आणि विशेषेंकरून ही माफी केव्हां जाहीर करावी, हा प्रश्न दिसावयास हिशेबाचा असला तरी वस्तुतः राजनीतीचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याचें सोनाळा हें गांव आज बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांत मोडतें. १९०५ पूर्वीं हा भाग अकोला जिल्ह्यांत होता, आणि १८५३ पूर्वीं निजामाच्या प्रत्यक्ष अमलांत. अमल बदलले, पण प्रश्न तोच राहिला.

ह्या प्रश्नाचें एक जुनें उत्तर मराठी राज्याच्या आरंभींच सांपडतें. शिवाजी महाराजांनीं १६७६ सालीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत ह्यास जें पत्र धाडलें, त्यांत निर्बळ कुळांस बैल व बीभरण ह्यांसाठीं मदत करावी आणि ती वसूल करतांना वाढीदिढी न लावतां नुसतें मुद्दल, कुळाची तवानगी पाहून, हळूहळू घ्यावें अशी आज्ञा आहे. जी बाकी कुळाच्यानें देववतच नाहीं, तिच्या माफीविषयीं हुजुरास कळवावें, असेंही तींत आहे. ह्यांतील मर्म असें कीं, देऊं न शकणारा आणि देऊं न इच्छिणारा हे दोघे एक नव्हेत, हें येथें आधींच ओळखलेलें आहे.

वऱ्हाडांत निजामाचा दिवाण चंदुलाल ह्याच्या कारकीर्दींत ह्याच्या उलट प्रकार झाला. वसुलाचा इजारा पूरणमल ह्या सावकाराकडे आणि पुढें पेस्तनजी कंपनीकडे गेला. राज्यास आगाऊ पैसा द्यावा आणि तो रयतेकडून उगवून घ्यावा, हा व्यवहार. ज्याची सत्ता दोन-चार वर्षांची, त्यास पुढच्या पिढीच्या शेतीची काळजी कशाला? तेव्हां सवलत देणें म्हणजे आपल्याच पदरास खार लावून घेणें, असा इजारदाराचा हिशेब असल्यास नवल नाहीं.

गंमत अशी कीं, ह्या प्रांताचा धनी स्वतःच थकबाकीदार निघाला. कंटिंजंट फौजेचा खर्च थकला, म्हणून १८५३ च्या तहानें वऱ्हाड कंपनीच्या हवालीं झालें. १८५७ च्या धामधुमींत निजाम इंग्रजांच्या बाजूस राहिला, आणि १८६० च्या तहानें त्याचें ५० लाख रुपयांचें देणें माफ झालें. वऱ्हाड मात्र परत मिळालें नाहीं. राजाची बाकी राजकारणाच्या सोईनें सुटते. रयतेची बाकी कशानें सुटावी?

इंग्रजी अमलांत वऱ्हाडास मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी मोजणी लागू झाली, म्हणून मुंबईकडील वाद येथेंही लागू पडतो. १८९६-९७ च्या दुष्काळांत पुण्याची सार्वजनिक सभा आणि टिळक ह्यांनीं शेतकऱ्यांस तहकुबीविषयींचे त्यांचे हक्क गांवोगांव समजावून दिले. परिणामीं १८९७ मध्यें सरकारनें सभेचें प्रातिनिधिक स्वरूप अमान्य केलें. पुढें १८९९-१९०० चा दुष्काळ आला. त्यानें वऱ्हाडचीं पिकें जवळजवळ सर्वस्वी बुडविलीं. त्यानंतर नेमलेल्या १९०१ च्या दुष्काळ कमिशननें मुंबई सरकारच्या पद्धतीवर बोट ठेवलें. प्रत्येक कुळाच्या ऐपतीची चौकशी करीत बसण्यापेक्षां पिकें बुडालेल्या सबंध टापूस वेळींच तहकुबी द्यावी, हा तिचा इत्यर्थ. आणि १९०५ च्या हिंदुस्थान सरकारच्या ठरावानें तोच मार्ग धरला.

वेळेचें एवढें महत्त्व कां? सूट उशिरां जाहीर झाली म्हणजे ती ज्यानें पैसे भरले नाहींत त्यासच मिळते. ज्यानें जप्तीच्या व दंडाच्या भीतीनें बैल विकून किंवा सावकाराचें कर्ज काढून हप्ता भरला, त्याच्या हातीं कांहींच येत नाहीं. सरकारचा दंड चुकला तरी सावकाराचें व्याज चालूच राहतें. अशा वेळीं सचोटी हाच जणूं गुन्हा ठरतो.

आज महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ लागू आहे. त्याच्या १७४ व्या कलमान्वयें, हप्ता नेमल्या तारखेनंतर एक महिन्यांत न भरल्यास हेतुपुरस्सर कसूर करणारावर २५ टक्क्यांपर्यंत दंड बसवितां येतो. पण शासनानें जो हप्ता तहकूब केला, त्यावर तहकुबीच्या मुदतीपुरता दंड घेतां येत नाहीं. रामाजी अनंताच्या पत्रांतील भेद येथें कायद्याच्या भाषेंत आला आहे, हें आम्हांस समाधानाचें वाटतें.

तथापि दोन उणिवा उरतात. सवलतीचा एक आधार जी खरिपाची पैसेवारी, ती विदर्भांत अंतिम स्वरूपांत ३१ डिसेंबरला जाहीर होते. तोंवर शेतकऱ्याचे बरेचसे व्यवहार होऊन गेलेले असतात. दुसरें असें कीं, पैसेवारी सबंध गांवाची निघते, आणि डोंगराच्या पायथ्याशीं नुकसान कधींच सरासरीनें होत नाहीं. २२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टींत संग्रामपूर व जळगांव जामोद तालुक्यांत नाल्याकांठचीं शेतें खरडून गेलीं. अशा शेताच्या धन्यास गांवाची सरासरी काय कामाची?

आज सारा ही रक्कम पूर्वींच्या मानानें क्षुल्लक झाली आहे हें खरें. पण पीककर्ज, वीजबिल, घरपट्टी ह्या साऱ्या देण्यांस हाच न्याय लागतो. टापूस सवलत हप्त्यापूर्वीं मिळावी, आणि एकट्या बुडालेल्यास स्वतंत्र दाद मागतां यावी, एवढें साधलें तरी पुष्कळ. सवलतीची किंमत तिच्या आंकड्यावरून ठरत नाहीं. ती बैल विकण्याच्या आधीं आली कीं नंतर, ह्यावरून ठरते.