रुळांची वाट झाली

आज आम्ही अमेरिकेतल्या एका बंद पडलेल्या विजेच्या रेल्वेची गोष्ट सांगणार आहोत.

शिकागोहून अरोरा आणि एल्गिन या गावांकडे ही गाडी १९०२ साली सुरू झाली. धूर नाही, कोळसा नाही. शेजारच्या तिसऱ्या रुळातून वीज घेऊन डबे धावायचे. पुढे मोटारी वाढल्या, महामार्ग झाला. ३ जुलै १९५७ला भर दुपारी गाडी बंद केली. सकाळी तिनंच कामाला गेलेली माणसं संध्याकाळी परतायला आली, तर गाडीच नाही!

पुढे रूळ उखडले. मोकळी पट्टी कुणाच्या घशात जाणार? पाणंदीची भांडणं आपल्यालाही नवी नाहीत. मे वॉट्स या झाडाझुडपांच्या जाणकार बाई तेव्हा सत्तरीच्या होत्या. १९६३ साली त्यांनी ‘शिकागो ट्रिब्यून’ला पत्र लिहिलं: ही जागा चालणाऱ्यांसाठी राखा. मैत्रिणी जमवल्या, लोकांना पटवलं. आज तिथं सुमारे १०० किलोमीटरची ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ ही वाट आहे.

या वाटेवर आता लोक जिओकॅशिंगही खेळतात. हा खेळ २००० साली सुरू झाला. कुणीतरी डबा लपवतं, मोबाईल उपग्रहाच्या मदतीनं जागेपर्यंत नेतो, पुढं आपण शोधायचं. पट्टी विकली गेली असती, तर डबा लपवायला जागा कुठली? सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, डबा होता तिथंच ठेवायचा. खाऊ मात्र ठेवायचा नाही, जनावरं डबा फोडतात.