भरावाआधीचा भाव

मुंबई हे बेट आहे, हे मुंबईत जन्म काढलेल्यांनाही आठवत नाही. खरे तर सात बेटे, मधल्या खाड्या बुजवून एक केलेली. शाळेत मी हे शिकवायचे तेव्हा मुले विचारायची, "बाई, मग ती माती आणली कुठून?" चांगला प्रश्न. पण त्याहून चांगला प्रश्न कुणी विचारला नाही: पैसा आणला कुठून?

तो आज सुचण्याचे कारण म्हणजे आमच्या घरातली तरुण मंडळी. 'सी-व्ह्यू' हा शब्द त्यांच्या तोंडून वरचेवर ऐकू येतो. इमारत अजून पायातच असते, पण बाविसाव्या मजल्यावरून समुद्र कसा दिसेल याचे रंगीत चित्र मोबाइलवर येऊन पडलेले असते. घर घेऊ नका असे मी सांगणार नाही. फक्त या किनाऱ्याचा इतिहास ऐका. इथे जमीन नंतर आली, भाव आधी आला. तेही दोनदा.

पहिली गोष्ट १८६० च्या दशकातली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. इतका पैसा ठेवायचा कुठे? बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, आणि समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्याही निघाल्या. त्यांतली सर्वात गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. गिरगाव चौपाटीपासून कुलाब्यापर्यंतचा जो चंद्रकोरीसारखा उपसागर, तो भरून काढायचा बेत होता. या सगळ्यामागचा मोठा माणूस म्हणजे प्रेमचंद रायचंद. शेअरचा भाव मूळ रकमेच्या कितीतरी पट चढला. समुद्र जागच्या जागी होता, लाटा येत होत्या, आणि त्या लाटांखालच्या जमिनीचे कागद हातोहात विकले जात होते. बँक ऑफ बॉम्बेसारखी मातबर बँकसुद्धा शेअर तारण ठेवून कर्जे देत होती.

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. कापूस कोसळला. वायद्याच्या व्यवहारांचा हिशेब चुकता करायचा दिवस होता १ जुलै १८६५. त्या दिवशी शहरातली मोठमोठी नावे जमीनदोस्त झाली. दिवाळखोरांसाठी सरकारला खास कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळली गेली आणि त्याच नावाने नवी उभी राहिली. प्रेमचंदही बुडाले.

पण दोन गोष्टी मागे उरल्या. किनाऱ्यालगत जी अरुंद पट्टी भरून झाली होती तिच्यावरून बीबीसीआय रेल्वे पुढे कुलाब्यापर्यंत गेली. दुसरी म्हणजे राजाबाई टॉवर. प्रेमचंदांनी तेजीच्या दिवसांत विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते, मनोऱ्याला आईचे नाव द्यावे म्हणून. १८७८ साली तो पुरा झाला. शेअरचे कागद रद्दीत गेले. जे देऊन टाकले होते, ते अजून टोले देते आहे.

दुसरी गोष्ट १९२० ची. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड. पहिले महायुद्ध संपले होते, जमिनीला पुन्हा तेजी होती. या वेळी कंपनी नाही, खुद्द सरकार. ११४५ एकर समुद्र आठ भागांत भरायचा, आणि भूखंड विकून खर्च वसूल करायचा. हिशेब अर्थातच तेजीतल्या भावाने मांडलेला. कांदिवलीच्या खाणीतून दगड आणून भिंत घातली. आत गाळ टाकावा, तर तो भिंतीतून पुन्हा समुद्रात वाहून जाई. खर्च फुगत गेला. खुर्शेद नरिमन या तरुण वकिलाने प्रकरण धसास लावले. एका इंग्रज इंजिनिअरने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यातून ते निर्दोष सुटले. १९२६ साली चौकशी समिती बसली. शेवटी आठपैकी चारच भाग झाले, सुमारे ४४० एकर. त्यातला एक मोठा तुकडा लष्कराकडे गेला. आणि भूखंड विकायची वेळ आली तेव्हा जागतिक मंदी दारात उभी!

पुढे मधला काही समुद्र स्वातंत्र्यानंतर भरला गेला आणि त्या टोकाला नाव मिळाले नरिमन पॉइंट. ज्याने या भरावाचे वाभाडे काढले, त्याचेच नाव भरावाला. इतिहासाला विनोदाचे वावडे नाही.

आता जे पुस्तकात सहसा एका पानावर येत नाही ते सांगते. हा भराव ज्या खात्याने घातला त्याचे नाव बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. म्हणजे बीडीडी. होय, त्याच बीडीडी चाळी! वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. एकेका इमारतीत ऐंशी खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. एकाच खात्याने श्रीमंतांसाठी समुद्र भरला आणि गिरणी कामगारांसाठी सिमेंटच्या खोल्या बांधल्या. सुरुवातीला त्या खोल्यांनाही गिऱ्हाईक नव्हते, पुष्कळ रिकाम्या पडल्या होत्या. म्हणजे सरकारच्या वहीत दोन्हीकडे तोटाच.

माझे बालपण नायगावच्या अशाच एका खोलीत गेले. वडील गिरणीत. खोलीत आम्ही सात जण, शिवाय गावाकडून कुणी ना कुणी आलेले असायचेच. अभ्यास व्हरांड्यातल्या दिव्याखाली. रविवारी वडील कधीतरी मरीन ड्राइव्हला न्यायचे. आम्ही कठड्यावर समुद्राकडे पाठ करून बसायचो आणि गोल सज्ज्यांच्या त्या इमारती बघायचो. त्यांतली घरेही त्या काळी भाड्याचीच असत, हे मला फार उशिरा कळले. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, त्यामुळे समुद्रासमोरच्या भाडेकरूंना ती घरे पुढे कवडीमोलात राहिली. मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि खाऱ्या वाऱ्याने काँक्रीटमधल्या सळ्या गंजत राहिल्या. समुद्र समोर असला की तो भिंतीतही शिरतो. रंगीत चित्रात हे दिसत नाही.

२०१८ साली मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या 'आर्ट डेको' इमारतींना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. २०२४ मध्ये आणखी समुद्र भरून कोस्टल रोड सुरू झाला. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १६० च्या जागी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मला आनंद झाला, आणि आई-वडिलांची आठवण येऊन डोळेही भरले.

तर गुंतवणूक फळली कुणाची? १८६५ च्या शेअरवाल्यांची नाही, १९२० च्या सरकारचीही नाही. भाव वाढला तो पुढे, तिथे माणसे राहिली म्हणून. ज्यांनी घाईने पैसा घातला ते तोपर्यंत थांबू शकले नाहीत. म्हणून तरुण मंडळींनो, घर घेताना दोनच गोष्टी बघा: चित्रातली जमीन आज पायाखाली आहे का, आणि भाव पडला तरी तुम्ही तिथे आनंदाने राहाल का. दोन्हींचे उत्तर हो असेल तर खुशाल घ्या.

आणि आपल्या घराण्यात कुणाकडे नायगावच्या खोलीच्या जुन्या भाडेपावत्या असतील, तर रद्दीत घालू नका. मला पाठवा, मी जपून ठेवीन.