४००७०६
सीवूड्स (नवी मुंबई) व नेरूळ येथील टपालाचा पिन कोड. आरंभीचा ४ पश्चिम विभागाचा. निव्वळ संख्या म्हणून ४००७०६ = २ × २३ × ३१ × २८१. एकही मूळ अवयव दोनदा येत नाही, म्हणून ती वर्गमुक्त. विभाजक १६, स्वतःला वगळून त्यांची बेरीज २,४९,०२२, म्हणजे न्यून संख्या. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–८६) यांच्या कसोट्या अधिक रंजक. अंकांची बेरीज १७. तिने नि:शेष भाग जात नाही, सबब ती हर्षद नव्हे. स्वयंभूही नव्हे : ४००६८४ मध्ये त्याच्याच अंकांची बेरीज २२ मिळवली, की ४००७०६ हजर! दुसरा जनक नाही. याच रीतीने पुढे ४००७२३ येते. टपालखात्याला अर्थातच याचे सोयरसुतक नाही.