जुन्या पिकअपचे इंजिन : बांधावे की बदलावे?

नारायणगावचा टोमॅटो वाशीच्या घाऊक बाजारात आणायचा असो किंवा शहरातील बांधकामावर फरशी आणि सिमेंट पोहोचवायचे असो, महाराष्ट्रातील छोट्या मालवाहतुकीचा मोठा भार पिकअप वाहनांवर आहे. ‘टाटा २०७’, महिंद्राची ‘बोलेरो पिकअप’ यांसारखी वाहने भक्कम सांगाड्यामुळे पंधरा वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही राबताना दिसतात. इंजिन मात्र बहुतेक वेळा त्याआधीच थकते. चढावर गाडी दम टाकू लागते, ऑइल वरचेवर भरावे लागते आणि एके दिवशी मेकॅनिक सांगतो, ‘इंजिनचे काम निघाले आहे.’

आहे तेच इंजिन उघडून पुन्हा बांधायचे, की दुसरे इंजिन आणून बसवायचे, हा प्रश्न मालकापुढे उभा राहतो तो नेमका याच वेळी. ज्याचे घर एकाच गाडीवर चालते, त्याच्यासाठी हा निर्णय चुकणे म्हणजे वर्षभराची कमाई पाण्यात जाणे होय. हा निर्णय सायलेन्सरमधील धूर पाहून किंवा पहिल्या अंदाजपत्रकावर घेतला जातो, तेव्हाच तो बहुधा चुकतो.

आधी निदान, मग निर्णय

धुराचा रंग दिशा दाखवतो; निकाल देत नाही. काळा धूर म्हणजे हवेच्या प्रमाणात डिझेल जास्त. त्यामागे तुंबलेला एअर फिल्टर, खराब नोझल किंवा बिघडलेला पंप असू शकतो. यापैकी कशासाठीही इंजिन उतरवावे लागत नाही. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा सिलिंडरमध्ये झिरपणाऱ्या पाण्याचा असतो. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. तथापि ते ऑइल झिजलेल्या रिंगांवाटेच येते असे नाही. फक्त सकाळी गाडी सुरू करताना किंवा उतारावरून आल्यावर निळा धूर निघत असेल, तर दोष व्हॉल्व्हच्या सीलचा असू शकतो. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोची सीलही तपासावी लागतात.

खरे चित्र दोन चाचण्यांतून दिसते. पहिली कॉम्प्रेशनची. सर्व सिलिंडरांचा दाब सारखाच घसरलेला असेल, तर झीज सर्वदूर आहे. एकाच सिलिंडरचा दाब कमी असेल, तर दोष व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट किंवा त्याच सिलिंडरच्या रिंगांपुरता असण्याची शक्यता अधिक. दुसरी चाचणी गळतीची. पिस्टन वरच्या टोकाला आणून नोझलच्या जागेतून दाबाची हवा सोडतात. हवा ऑइल भरण्याच्या तोंडातून बाहेर आली तर रिंगा व लायनर, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड सदोष समजावे. इंजिन तापलेले असताना ऑइलचा दाब मोजणेही आवश्यक आहे. तो घसरला असेल आणि खालून ठोक्याचा आवाज येत असेल, तर बेअरिंगांकडे पाहावे लागते.

बांधणीचे गणित मापांवर

इंजिन बांधणे याचा अर्थ केवळ रिंगा आणि गॅस्केट बदलणे नव्हे. इंजिन पूर्ण सुटे करून ब्लॉक, क्रँकशाफ्ट आणि हेड या तीन मुख्य भागांची मापे घ्यावी लागतात. सिलिंडरची झीज वरच्या बाजूला, जिथे वरची रिंग थांबून परत फिरते तिथे, सर्वाधिक असते. त्यामुळे बोअर वर, मध्ये आणि खाली, तसेच दोन काटकोनी दिशांनी मोजतात. झीज मर्यादेबाहेर असेल तर बोअर वाढवून मोठ्या मापाचे पिस्टन टाकतात किंवा लायनर बदलतात. क्रँकचे जर्नलही घासून त्या मापाची बेअरिंग बसवतात. ही मापे सहसा ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी असतात. क्रँक यापूर्वी दोन-तीनदा घासला गेला असेल, तर पुढच्या वेळी त्याला वाव उरत नाही.

ब्लॉकला तडा नसेल, क्रँक मापात असेल आणि हेड सरळ करता येण्याजोगे असेल, तर बांधणी हा सहसा चांगला मार्ग ठरतो. आत काय टाकले हे मालकाला ठाऊक असते आणि इंजिनचा क्रमांकही बदलत नाही. मात्र ऑइल पंप, वॉटर पंप, नोझल आणि डिझेल पंपाचे कॅलिब्रेशन यांत काटकसर केल्यास ही बांधणी टिकत नाही. इंजिन का गेले, याचेही उत्तर मिळालेच पाहिजे. रेडिएटर तुंबल्याने इंजिन तापून बसले असेल आणि तोच रेडिएटर पुन्हा लावला, तर बांधलेल्या इंजिनचीही तीच गत होते.

बदलण्याचा मार्ग

कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडले असेल, ब्लॉकला तडा गेला असेल किंवा क्रँक तुटला असेल, तर दुसरे इंजिन आणणे व्यवहार्य ठरते. त्याचे तीन प्रकार आहेत. पहिला, ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन असलेले ‘हाफ इंजिन’ घेऊन त्यावर जुने हेड व पंप चढवणे. दुसरा, कंपनीने पुनर्बांधणी केलेले इंजिन. टाटा मोटर्सचा ‘प्रोलाइफ’ हा उपक्रम या प्रकारातला असून त्यात जुना भाग जमा करून पुनर्बांधणी केलेला भाग घेता येतो. तिसरा प्रकार कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलेल्या वापरलेल्या इंजिनचा.

तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त दिसतो आणि त्यातच सर्वाधिक जोखीम असते. ते इंजिन किती चालले, किती वेळा तापले, ज्या गाडीतून काढले ती कुठे आहे, यांपैकी काहीच बाहेरून दिसत नाही. शक्य असल्यास इंजिन चालू करून पाहावे. ते शक्य नसेल तर किमान खालचा चेंबर काढून बेअरिंग पाहावीत आणि कॉम्प्रेशन तपासावे. विक्रेत्याचे बिल, मूळ गाडीच्या नोंदणी पुस्तकाची प्रत आणि ती गाडी रीतसर मोडीत निघाल्याचा कागद याशिवाय व्यवहार करू नये. चोरीच्या गाडीचे इंजिन निघाले तर पैसे बुडतातच, शिवाय पोलिसी चौकशीही मागे लागते.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार वाहनात असा फेरफार करता येत नाही, की ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

म्हणून इंजिन बदलायचेच असेल, तर ते त्याच कंपनीचे आणि त्याच प्रकारचे असावे. बदलापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मान्यता घ्यावी आणि नवा क्रमांक नोंदणी पुस्तकात चढवून घ्यावा. कर्ज असल्यास वित्तसंस्थेची लेखी संमती लागते. विमा कंपनीलाही कळवावे, अन्यथा अपघातानंतर क्रमांक न जुळल्यास दावा अडकू शकतो. ब्लॉक बदलला की क्रमांकही बदलतो, ही बाब ‘हाफ इंजिन’ घेणारे अनेकदा विसरतात. अशा वेळी जुना क्रमांक नव्या ब्लॉकवर ठोकून देण्याची तयारी कोणी दाखवली, तर त्याला ठाम नकार द्यावा. तो गुन्हा आहे.

यांत्रिक पंपाच्या जुन्या गाडीत नव्या पिढीचे कॉमन रेल इंजिन बसवण्याचा मोहही टाळावा. त्याला संगणकीय नियंत्रक, सेन्सर आणि वेगळी वायरिंग लागते. शिवाय नोंदणीतील तपशिलाशी ते जुळत नाही.

बंद दिवसांचाही खर्च

तयार इंजिन बसवायला दोन-तीन दिवस पुरतात. बांधणीला बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगसह आठ-दहा दिवस लागू शकतात. समजा, गाडीची खर्च वजा जाता रोजची कमाई दीड हजार रुपये आहे आणि बांधणीला सात दिवस जास्त लागले, तर साडेदहा हजार रुपये बांधणीच्या खर्चात धरावे लागतील. दुसरीकडे, वापरलेले इंजिन सहा महिन्यांत गेले तर इंजिन उतरवण्या-चढवण्याची मजुरी आणि बंद दिवस पुन्हा सोसावे लागतील. तुलना दुसऱ्या शक्यतेसह व्हावी.

गाडी त्या खर्चाच्या लायकीची आहे का?

इंजिनवर पैसा घालण्यापूर्वी उरलेली गाडी पाहणे आवश्यक आहे. सांगाडा गंजला आहे का, पाट्यांच्या आधाराजवळ तडे आहेत का, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल किती दिवस साथ देणार, हे तपासावे. कोकणातील खाऱ्या हवेत राबलेल्या गाडीबाबत ही दक्षता अधिकच हवी.

मालवाहू वाहनाला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पंधरा वर्षांवरील वाहनांचे त्यासाठीचे शुल्क केंद्र सरकारने एप्रिल २०२२ पासून मोठ्या प्रमाणात वाढवले. केवळ वय झाले म्हणून महाराष्ट्रात खासगी मालकाची गाडी मोडीत काढावी लागत नाही. मात्र दरवर्षीचा खर्च चढत जातो. सांगाडाच थकला असेल तर नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत देणे हा तिसरा पर्याय उरतो. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या मालवाहू वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे.

थोडक्यात, आधी सांगाडा आणि कागदपत्रे तपासावीत, नंतर कॉम्प्रेशन व गळतीची चाचणी करावी आणि इंजिन उघडल्यावर मापे लेखी घ्यावीत. ब्लॉक व क्रँक सुस्थितीत असतील तर बांधणी. ते गेले असतील आणि बाकी गाडी धडधाकट असेल तर त्याच प्रकारचे, कागदपत्रांसह इंजिन. दोन्ही थकले असतील तर गाडीला निरोप, असा क्रम ठेवावा.

बांधलेल्या इंजिनला पहिले हजार किलोमीटर निम्माच भार द्यावा, कसाऱ्यासारख्या घाटात ताणू नये आणि पहिले ऑइल लवकर बदलावे. कामाच्या बिलावर बोअर आणि क्रँकची मापे लिहून घेऊन ते जपून ठेवावे. पुढच्या वेळी इंजिन उघडेल, तेव्हा किती वाव उरला आहे हे त्याच कागदावरून कळेल.