चुलीपाशी टिकलेला धर्म

मुलांना ख्रिस्ती श्रद्धा कुठे शिकवायची, असे विचारले की चर्चमधला धर्मशिक्षणाचा वर्ग किंवा रविवारची शाळा हे उत्तर आधी येते. संध्याकाळची घरची रोझरी, नाताळचा गोठा रचताना मुलांनी लावलेला हात, उपवासकाळात सगळ्या घराने मिळून सोडलेला एखादा पदार्थ, या गोष्टी पूरक मानल्या जातात. पेण आणि रोहा तालुक्यांचा आणि रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते त्या रेवदंडा-कोर्लईच्या किनाऱ्याचा इतिहास पाहिला तर हा क्रम उलटा लावावा लागतो. या मुलखात दोन छोटे समाज शतकानुशतके आपली श्रद्धा धरून राहिले. त्यांतला एक बेने इस्राएल यहुद्यांचा, दुसरा कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांचा. दोघांचीही खरी पाठशाळा घर हीच होती. घरकामात मिसळलेली श्रद्धा टिकते आणि केवळ पाठांतराने दिलेली सहसा रुजत नाही, असे या इतिहासाचे सांगणे आहे.

आधी बेने इस्राएलांकडे पाहू. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि पुढे गावोगाव पांगले. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावे त्या वस्तीची खूण आहेत. घाण्यावर तेल गाळणे हा त्यांचा मुख्य धंदा, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. १७६८ मध्ये कोचीनचे यहुदी व्यापारी यहेज्केल राहाबी यांनी हॉलंडला पाठवलेल्या पत्रात या लोकांचा उल्लेख आहे. ते शब्बाथ पाळतात आणि 'शेमा' ही प्रार्थना तेवढी जाणतात, असे राहाबींनी लिहिले. धर्मशास्त्राच्या पंडिताला ही गरिबी वाटली असेल. पण हाताशी पोथी नसताना, मातृभाषा पूर्णपणे मराठी झालेली असताना, सातवा दिवस एवढ्या पिढ्या पाळणे ही लहान गोष्ट नव्हे. आठवड्यातून एक दिवस बैल सोडलेला, घाणा थांबलेला आणि मोठी माणसे रिकामी बसलेली दिसली की मुलाला नियम समजावून सांगायची गरजच उरत नव्हती.

वर्षाचे सणही असेच स्वयंपाकघरातून शिकले जात. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्याच्या शोकाचे दिवस या घरांत मांसाहार टाळून, बिरडे खाऊन पाळले जात आणि त्याला बिरड्याचा सण म्हणत. वलहांडणाच्या सणाला आंबट कालवणाचे मडके झाकून ठेवण्याची चाल होती, तोच अनशी डाकाचा सण. नवस फेडताना किंवा मंगलकार्यात पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा मांडून संदेष्टा एलिया याचे स्मरण होई. राहाबी घराण्यातल्या दावीद नावाच्या पाहुण्याची कथाही समाजात सांगितली जाते. हे लोक खरेच यहुदी आहेत का हे ताडण्यासाठी त्याने बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली, आणि त्यांनी खवले व पर नसलेले मासे बाजूला काढले. ही कथा इतिहास म्हणून सिद्ध करता येत नाही. पण समाजाने आपल्या धर्माचा पुरावा कशात पाहिला, हे तिच्यातून स्पष्ट कळते. परीक्षा पुरुषांच्या पाठांतराची झाली नाही, मासळी निवडणाऱ्या हातांची झाली. आईशेजारी बसून मासळी साफ करणाऱ्या मुलीला तो नियम ग्रंथ न उघडताच मिळाला होता.

या घरच्या शिकवणुकीची कसोटी एकोणिसाव्या शतकात लागली. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत आणि कोकणकिनाऱ्यावर शाळा काढल्या. बेने इस्राएल मुले त्यांत शिकली, त्यांच्यातले शिक्षकही तिथे नोकरीला लागले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले, तेही या समाजाला डोळ्यांपुढे ठेवून. मुले हुशार होती, शिक्षक तळमळीचे होते, बायबलच्या कथा दोघांच्या सामाईक होत्या. तरीही धर्मांतरे अगदी थोडी झाली. शाळेत दिवसाचे काही तास शिकलेले ज्ञान मुलांनी आनंदाने घेतले, पण आपण कोण याचे उत्तर ती घरून घेऊन आली होती. मिशनऱ्यांनाही हे उमगले असावे. अमेरिकन मराठी मिशनने १८७३ मध्ये 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक सुरू केले. मुलाचे मन घडवायचे तर त्याच्या घरात वाचले जाईल असे काही हवे, हे यामागचे शहाणपण असावे.

कोर्लईची कहाणी ख्रिस्ती वाचकांना अधिक जवळची. पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून कोर्लईचा डोंगर जिंकला आणि १७४० मध्ये चौलचा सगळा प्रदेश मराठ्यांच्या हवाली केला. सत्ताधारी, सैनिक आणि पैसेवाले निघून गेले, गरीब ख्रिस्ती मागे राहिले. त्यांच्यामागे राजसत्ता राहिली नाही, आसपासचा सगळा व्यवहार मराठीत, नंतर शाळाही मराठीच. तरी माउंट कार्मेलच्या मातेचे चर्च असलेल्या या गावाने श्रद्धाही जपली आणि 'नो लिंग' ही पोर्तुगीजोद्भव बोलीही. बोलणारी माणसे हजाराच्या आतबाहेर, लिपी नाही, शाळेत स्थान नाही. अशी भाषा आई मुलाशी बोलते म्हणूनच जगते, आणि जेवणापूर्वीची प्रार्थना, लग्नातली गाणी, आजीने सांगितलेल्या संतकथा त्याच ओघात पुढे जातात. उलट गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढला, तरी त्या घराघरांतून गेल्या नाहीत. फादर स्टीफन्स यांचे १६१६ मधले 'ख्रिस्तपुराण' आजही आपल्याला ठाऊक आहे, ते स्थानिक लोकांना कळणाऱ्या भाषेत लिहिले गेले म्हणून.

यावर पहिला आक्षेप असा की हे सारे जातीच्या चौकटीचे फळ आहे, कारण लग्ने समाजातच झाली म्हणून समाज टिकला. यात तथ्य आहे. पण बंद दारामुळे माणसे वेगळी राहतात, दाराआड काय शिकवायचे हे दार ठरवत नाही. रोटीबेटी व्यवहार जपूनही जुना धर्म विसरलेले समाज पुष्कळ आहेत. दुसरा आक्षेप संस्थांचा. बेने इस्राएलांना गावोगाव फिरणारे काजी होते, कोर्लईला पाद्री होता. खरे आहे, पण काजी येई तो सुंतेला आणि लग्नाला. शनिवार मात्र वर्षातून बावन्न वेळा येई आणि तो घरातच पाळला जाई. पेणमध्ये आणि रोह्याशेजारच्या अष्टमीत सिनेगॉग उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे घरातला धर्म कित्येक पिढ्या चालून गेल्यावर.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. घर आचार जपते, पण अर्थ हरवते. हिब्रू गेली, ग्रंथ गेले, हनुक्का हा सण परंपरेत राहिला नाही. बिरडे का खायचे हे सांगणारे कुणी नसेल तर उरते ती नुसती पाककृती. म्हणूनच कोचीनचे शिक्षक आणि मिशनऱ्यांची पुस्तके या समाजाला उपयोगी पडली. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत स्वतःच्या समाजाची शाळा काढली, आणि बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रचली गेली. शाळेचे मोल मोठेच आहे. पण शाळेने दिलेला अर्थ ठेवायला घरात आचाराची जागा आधीपासून होती, म्हणून तो मुरला. राहाबींच्या पत्रातला 'शेमा' बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला आहे, आणि त्याच्या पाठोपाठच घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना-उठताना मुलांना हे शिकवत राहा अशी आज्ञा येते. मार्कच्या शुभवर्तमानात येशूने पहिली आज्ञा म्हणून सांगितला तोही शेमाच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला घरातले चर्च म्हटले आणि आईवडिलांना श्रद्धेचे पहिले शिक्षक मानले. कुंडलिकेच्या काठची घरे हे कितीतरी आधीपासून आचरत होती.

घरातल्या अशा शिकवणुकीने मूल कोते होईल, ही भीतीही व्यक्त होते. पेण तालुक्यातले गागोदे तिला उत्तर देते. १८९५ मध्ये तिथे जन्मलेल्या विनोबांचे धर्मशिक्षण आई रुक्मिणीबाईंच्या नित्यकर्मांतून झाले. तुळशीला पाणी, दुसऱ्याला दिल्यावर आपण खाणे, रोजची प्रार्थना, असे ते शिक्षण होते. त्याच मुलाने पुढे आईच्या इच्छेला स्मरून 'गीताई' रचली आणि 'ख्रिस्तधर्म-सार'ही सिद्ध केले. स्वतःच्या घरी श्रद्धा प्रेमाने जगलेली पाहिली की दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर करणे सोपे जाते. कोतेपणा येतो तो घरात धर्म धाकाने आणि द्वेषाने शिकवला तर.

म्हणून आजच्या ख्रिस्ती पालकांनी घरातल्या लहान कृतींना दुय्यम मानू नये. मुलाला सोबत घेऊन गोठा रचावा, शुक्रवारचा उपवास मिळून करावा, वाचवलेले अन्न गरजूच्या घरी मुलाच्या हातून पोचवावे, आणि प्रत्येक वेळी हे का करतो ते दोन वाक्यांत सांगावे. कृती आणि कारण यांची ही जोड महत्त्वाची आहे, कारण या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल कृतीत कमी पडले नाहीत, कारणाला मुकले. ज्या घरात दोन्ही एकत्र नांदतील तिथल्या मुलाला चर्चमधला वर्ग ओळखीचा वाटेल, आणि तो वर्ग सुटल्यावरही श्रद्धा सुटणार नाही.